वाचनालयातला कॉम्प्युटर अडला तर कुठनं सुरुवात करायची

आमच्या पलूस तालुक्यात बऱ्याच गावात आता वाचनालय म्हणा, अभ्यासिका म्हणा, नाहीतर ग्रामपंचायतीची एखादी खोली म्हणा, तिथं चार-सहा कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक फायबरचं नेट असा संसार मांडलेला असतो. सकाळी एमपीएससी आणि पोलीस भरतीची पोरं, दुपारी स्कॉलरशिपचा फॉर्म भरणाऱ्या कॉलेजच्या मुली, संध्याकाळी सातबारा काढायला रानातनं थेट आलेली मंडळी. घरच्या कॉम्प्युटरला काय झालं तर शेवटी कोण बसलेलं ते माहीत असतं, इथं ते कुणालाच माहीत नसतं आणि सगळी भानगड तिथंच आहे. त्यामुळं इथली दुरुस्ती स्क्रूड्रायव्हरनं नाही, चौकशीनं सुरू होते. मी हे काम आमच्या वाचनालयात हौसेनं बघतो, तर जे नेहमी कामाला येतं तेवढंच लिहितोय, आणि विंडोज धरूनच लिहितोय कारण बहुतेक ठिकाणी तेच असतंय.

हात लावायच्या आधी

लोक काय झालंय ते सांगत नाहीत, थेट निकाल सांगतात. "नेट गेलंय", "व्हायरस आलाय", "मशीन उडालं". त्यावर विश्वास ठेवून कामाला लागलात की तास गेलाच म्हणून समजा.

"दादा, नेट गेलंय."
"काय उघडत होतास?"
"भरतीचा फॉर्म."
"यूट्यूब चालतंय का बघ."
"ते चालतंय की."

म्हणजे नेट जाग्यावर आहे, ती एक साईट अडलीय, आणि फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली असेल तर ती अडणारच. अशा वेळी आपल्या मोबाईलच्या डेटावर तीच साईट उघडून बघायची, तिथंही फिरत बसली तर दोष तिकडचा आहे, राऊटर बंद-चालू करून बाकीच्या पाच जणांचं काम मोडायचं काही कारण नाही.

तर प्रश्न ठरलेले तीन. एकाच मशीनला होतंय का सगळ्या? एकाच माणसाच्या लॉगिनला होतंय का सगळ्यांच्या? एकाच साईटला किंवा फाईलला होतंय का सगळीकडं? या तीन उत्तरांवरनंच निम्मं निदान होतं. सगळ्या मशीनला होत असेल तर मशीन उघडूच नका, दोष नेटचा, लाईटचा नाहीतर प्रिंटरचा. एकाच लॉगिनला होत असेल तर हार्डवेअर सोडून द्या. आणि मग चौथा प्रश्न, जो विचारताना जरा गोड बोलावं लागतं, की काल चालत होतं ना, मग मध्ये काय काय केलं? पोरं घाबरतात, वाटतं आता दंड लावणार, म्हणून आधीच सांगून टाकायचं की कुणी काय बिघडवलं त्याला पैसे नाहीत, पण लपवलं तर नाव यादीतनं कमी. आमच्याकडं तेव्हापासनं खरं कळायला लागलं.

स्क्रीनवर काही मेसेज आला असेल तर तो बंद करायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा. आणि एका वेळी एकच बदल करा. केबल बदलली, ड्रायव्हर टाकला, अँटीव्हायरस काढला आणि चालू झालं, तर कशानं झालं ते कळत नाही आणि पुढच्या महिन्यात परत पहिल्यापासनं.

मशीन चालूच होत नाही

आधी लाईट. हसू नका, एक्सटेन्शन बोर्डचं बटण कुणीतरी पायानं बंद केलेलं असणं हे सगळ्यात जास्त वेळा निघतं. मॉनिटरचा दिवा लागलाय पण 'नो सिग्नल' येतंय, तर मॉनिटर बरा आहे, सीपीयूकडं बघा. दोन्ही मेले असतील तर यूपीएस सोडून प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून बघा, चालू झालं तर यूपीएस किंवा त्याची बॅटरी. या छोट्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, ती दोन-तीन वर्षांत बसते, लाईट गेली की यूपीएस एक शिट्टी मारून लगेच झोपतो ते त्याचंच लक्षण. नवा यूपीएस घ्यायची गरज नसते, बॅटरी बदलून मिळते. आणि लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, त्याचा आतला हिटर एकदम एवढा करंट ओढतो की यूपीएस ट्रिप होतो आणि सगळ्यांचे फॉर्म अर्ध्यात जातात.

पंखा फिरतोय पण स्क्रीनवर काहीच नाही, तर प्लग पूर्ण काढून पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, मग परत लावून बघा. तरी नाही तर झाकण उघडून रॅम काढायची, तिच्या पिवळ्या पट्टीवर साधं खोडरबर हलक्या हातानं फिरवायचं, फुंकर न मारता कोरड्या ब्रशनं कचरा झाडायचा आणि दोन्ही बाजूचा खटका बसेपर्यंत परत दाबायची. ऊसतोडीच्या हंगामात आमच्याकडं धूळ आणि पाचटाची काजळी एवढी असते की हा उपाय थंडीत जास्त लागतो. एसएमपीएसचा, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा मात्र उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही त्यात करंट साठलेला राहतो.

सीपीयूच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा तुटलंय. तिथं कॉम्प्युटरवाला नाही, वायरमन बोलवायचा, आणि तोवर पोरांना बसवू नका.

तारखेची गंमत

ही एवढी छोटी गोष्ट आहे पण हिच्यापायी माणसं मशीन फॉरमॅट करून मोकळी झालेली बघितलीत. सकाळी मशीन चालू केलं की कुठलीच साईट उघडत नाही, 'कनेक्शन प्रायव्हेट नाही' असा लाल मेसेज येतो, शेजारच्या मशीनला सगळं व्यवस्थित. कोपऱ्यातली तारीख बघा. बरीच वर्षं मागची तारीख दिसली की समजायचं, मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल संपला, नाव सीआर २०३२, तीन व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. साईटचं सर्टिफिकेट ठराविक तारखांपुरतं वैध असतं, मशीनलाच आजचा दिवस माहीत नसेल तर ते सर्टिफिकेट खोटं समजणारच. तात्पुरतं तारीख-वेळ नीट करा आणि टाईम झोनमध्ये 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' आहे का बघा. सेल दुपारी बदला.

नेट खरंच गेलं असेल तर

फायबरच्या डब्यावरनं सुरुवात. 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर बाहेरनं उजेडच येत नाही, फायबर कुठंतरी तुटलंय किंवा वाकलंय, त्यात आपण काही करू शकत नाही, कंपनीला फोन लावा. पण आधी ती पिवळी बारीक वायर कपाटामागं दबलीय का, उंदरानं कुरतडलीय का ते बघून घ्या. लाल दिवा नसेल तर फायबरचा डबा, राऊटर आणि स्विच (सगळ्या मशीनच्या केबल जिथं जोडतात तो डबा) तिन्ही बंद करा, मग आधी डबा चालू करून दोन मिनिटं थांबा, मग राऊटर, मग स्विच. सगळं एकदम चालू करण्यापेक्षा हा क्रम पाळा.

एकाच मशीनला नेट नसेल तर मागच्या लॅन केबलजवळचा छोटा दिवा लागतोय का बघा. केबलच्या टोकाची ती प्लॅस्टिकची जीभ मोडलेली असते आणि खुर्ची सरकली की केबल अर्धी बाहेर येते. दिवा लागतोय तरी नाही, तर नेटवर्कच्या माहितीत आयपी पत्ता बघा, तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशीनला राऊटरकडनं पत्ताच मिळालेला नाही. केबल दुसऱ्या पोर्टला लावा, दुसऱ्या मशीनची चालू केबल लावून बघा. पत्ता बरोबर असेल तर कमांडच्या काळ्या खिडकीत पिंग टाईप करून स्पेस देऊन ८.८.८.८ टाका, उत्तर येतंय पण साईटचं नाव टाकल्यावर उघडत नाही तर दोष डीएनएसचा, म्हणजे साईटच्या नावावरनं तिचा पत्ता शोधणाऱ्या सोयीचा, राऊटर रीस्टार्ट करून नाही गेला तर डीएनएसच्या जागी हेच ८.८.८.८ घालून बघा, तो गुगलचा डीएनएस आहे.

एक प्रकार फक्त अशा सामायिक जागीच दिसतो. सगळ्यांचं नेट एकदम मेलं, राऊटर बरा आहे, पण स्विचवरचे सगळे दिवे एकाच तालात वेड्यासारखे लुकलुकतायत. कुणीतरी झाडताना सुटलेली केबल 'बिचारी मोकळी आहे' म्हणून स्विचच्याच दुसऱ्या भोकात खोचलेली असते, म्हणजे केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये. डेटा त्यात गोल गोल फिरत बसतो आणि बाकी कुणाला वाट मिळत नाही. ती केबल उपसा, नेट लगेच चालू. म्हणून मोकळी केबल टेबलावर सोडू नका, आणि प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर मशीनचा नंबर लिहा.

वायफायचा पासवर्ड भिंतीवर लिहिलेला असेल तर संथ नेटबद्दल कुणाला बोलू नका. चाळीस मोबाईल रिल्स बघत असताना फॉर्मचं पान कसं उघडणार. कॉम्प्युटर लॅनवर ठेवा, वायफायला गेस्ट नेटवर्क वेगळं करून त्याचा वेग राऊटरमधनं बांधून द्या, सोय बऱ्याच राऊटरला असते. आणि वळवाच्या दिवसात आभाळ गडगडायला लागलं की राऊटर, स्विच, मशीन सगळ्यांचे प्लग भिंतीतनं काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

मशीन रडतंय, म्हणजे संथ चालतंय

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. कुठला रकाना शंभराच्या जवळ आहे ते बघा. मेमरी भरलीय तर क्रोमच्या तीस टॅब बंद करा. डिस्क सतत १०० टक्के आणि मशीनमध्ये जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे, तर औषध एकच, एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेली जलद डिस्क. माझं मत स्पष्ट आहे, देणगी आली तर नवीन मशीन घेण्याआधी जुन्या सगळ्यांना एसएसडी बसवा. 'स्पीड वाढवणारी' फुकट सॉफ्टवेअर टाकू नका, त्यांच्यामुळंच मशीन जास्त रडतं.

सी ड्राईव्ह लाल झाला असेल तर डाऊनलोड फोल्डर बघा, त्यात गावातल्या निम्म्या लोकांचे आधार, उतारे आणि हॉल तिकिटं निघतील. हे जागेपेक्षा मोठं संकट आहे, त्यावर पुढं येतो. आणि 'शट डाऊन' करून चालू केलं तरी दुखणं तसंच राहिलं तर 'रीस्टार्ट' करून बघा. विंडोज ८ पासनं आलेलं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊन पूर्ण होतच नाही, आतला गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उठतो. रीस्टार्टमध्ये खरी नवी सुरुवात होते.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असलेल्या बहुतेक मशीनला विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, जुगाड करून बसवतात पण सामायिक मशीनवर तो मी करणार नाही. नुसता अभ्यास आणि ब्राउझिंग असेल तर अशा मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टम टाका, पोरं दोन दिवसांत सरावतात. प्रिंट आणि स्कॅनचं एखादं मशीन विंडोज ११ वालं ठेवा.

पेन ड्राईव्ह

फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी शॉर्टकट, त्यावर डबल क्लिक केलं की काहीतरी काळं चमकून जातं. हा फार जुना रोग आहे आणि अजून जिवंत आहे. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका. फाईल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये 'हिडन आयटम्स' चालू करा, तरी दिसत नाही तर फोल्डर ऑप्शनमध्ये 'प्रोटेक्टेड सिस्टम फाईल्स लपवा' वरची खूण काढा, मूळ फोल्डर फिकट रंगात दिसतील. त्यातल्या फक्त कामाच्या फाईल, म्हणजे फोटो आणि पीडीएफ, उचलून बाजूला घ्या, पेन ड्राईव्ह फॉरमॅट करा, मशीनवर विंडोजच्या डिफेंडर अँटीव्हायरसचा फुल स्कॅन लावा आणि सिस्टम फाईलवरची ती खूण परत करा. ज्याचा पेन ड्राईव्ह त्याला सांगा की बाबा, हे दुकानातनं आलंय की मित्राकडनं ते शोध, नाहीतर उद्या परत येणार.

प्रिंटर

सगळ्यात जास्त भांडणं इथं. एकानं प्रिंट दिली, आली नाही, म्हणून त्यानं परत परत दिली, मागच्यानंही दिली, आणि आता रांगेत वीस प्रिंट अडकल्यात आणि कॅन्सल केलं तरी जात नाहीत. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर', म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारा प्रोग्राम, थांबवा, मग सी ड्राईव्हमधल्या विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमध्ये जाऊन आतल्या फाईल तेवढ्या उडवा, फोल्डर नाही, आणि स्पूलर परत चालू करा. रांग साफ. यासाठी अॅडमिनचा पासवर्ड लागतो.

प्रिंट दिली की पीडीएफ सेव्ह कुठं करायची विचारतंय, म्हणजे डिफॉल्ट प्रिंटर बदललाय. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये 'डिफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू द्या' अशा अर्थाची एक खूण असते, ती काढून आपला प्रिंटर कायमचा लावा. प्रिंटर चालू असून 'ऑफलाईन' दाखवतोय आणि तो नेटवर्कवर आहे, तर राऊटर रीस्टार्ट झाल्यावर त्याचा आयपी बदललेला असतो, राऊटरमध्ये तो पत्ता त्याच्यासाठी राखून ठेवला की हे दुखणं मिटतं.

पावसाळ्यात कागद ओल धरतो, कडा वळतात आणि दर चौथा कागद अडकतो. रिम उघडी ठेवू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, घालताना कागद पंख्यासारखे फडकावून मग घाला. अडकलेला कागद मागनं ओढू नका, तो ज्या दिशेनं जातो त्याच दिशेनं दोन्ही हातांनी सावकाश ओढा, आणि प्रिंटर नुकताच चालला असेल तर आत हात घालायच्या आधी थंड होऊ द्या.

बिघाड नसलेले बिघाड

"पावतीच येत नाही" म्हणणाऱ्याच्या पत्त्याच्या पट्टीत उजवीकडं बघा, पॉप-अप अडवल्याची छोटी खूण असते, त्या साईटला परवानगी दिली की पावती उघडते. आधारची पीडीएफ उघडत नाही, पासवर्ड मागते, तर नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढं जन्माचं साल. फी कापली पण फॉर्मवर 'पेंडिंग' दाखवतंय, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका, ट्रान्झॅक्शन नंबरचा फोटो काढा आणि काही तासांनी स्टेटस बघा. कुणी आणलेला अर्ज उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर फाईल खराब नाही, ती कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलीय, तो फॉन्ट टाका नाहीतर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

लॉगिन आणि लोकांची कागदं

मशीनवर दोन खाती ठेवा, अॅडमिनचं एक, ज्याचा पासवर्ड दोघांनाच माहीत, आणि बाकी सगळ्यांसाठी साधं स्टँडर्ड. निम्मी दुखणी एवढ्यानंच बंद होतात कारण कुणाला काही इन्स्टॉलच करता येत नाही. ब्राउझर गेस्ट मोडमध्ये वापरायची सवय लावा, खिडकी बंद केली की लॉगिन आणि हिस्ट्री जाते. पण डाऊनलोड केलेल्या फाईल जात नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणून रोज कुलूप लावताना डाऊनलोड फोल्डर आणि रिसायकल बिन रिकामं करायचं काम एकाकडं द्या.

एखाद्या काकू जीमेल चालू ठेवून घरी गेल्या आणि रात्री आठवलं, तर मोबाईलवरनं गुगल खात्याच्या सिक्युरिटीत 'युवर डिव्हायसेस' मधनं त्या मशीनला साईन आऊट करता येतं. त्यांना फोनवर हे सांगताना "काकू, घाबरू नका" इथनं सुरुवात करा.

वही

प्रत्येक मशीनला नंबर आणि टेबलाला दोरीनं बांधलेली एक वही. आमच्या वहीत असं दिसतं: 'मशीन ३. संध्याकाळ. नेट बंद, बाकी सगळ्यांना चालू. केबल ५ ची लावली, चालू. ३ ची केबल खराब, टोक बदलायचं.' खाली दुसऱ्याचं अक्षर: 'टोक बदललं.' बस, एवढंच. याचा फायदा कळतो तो तिसऱ्या वेळी, जेव्हा तेच मशीन परत बंद पडतं आणि मागं उलटून बघितल्यावर दिसतं की दर वेळी पाऊस पडलेल्या दिवशीच पडलंय, म्हणजे खिडकीकडच्या सॉकेटमध्ये ओल जातेय.

नदीकाठच्या गावांसाठी

२००५, २०१९ आणि २०२१ ला कृष्णेनं काय केलं ते आपल्याकडं सांगायला नको. सीपीयू जमिनीवर ठेवू नका आणि पाणी वाढायच्या बातम्या सुरू झाल्या की मशीन माडीवर. सगळं नाही हलवता आलं तर किमान हार्ड डिस्क काढून न्या. पाण्यात गेलेलं मशीन उन्हात वाळवून 'चालतंय का बघू' म्हणून बटण दाबू नका, मेन स्विच बंद करून प्लग काढा, डिस्कमध्ये गाळ गेलेला असतो आणि ती एकदा फिरली की डेटा कायमचा जातो. डेटा महत्त्वाचा असेल तर ती तशीच न फिरवता डेटा काढून देणाऱ्याकडं न्या.

दुकानात न्यायची वेळ

जळका वास, डिस्कमधनं टक टक आवाज, मदरबोर्डवरचे फुगलेले कॅपॅसिटर, नाहीतर रॅम बदलूनही काळी स्क्रीन, एवढं दिसलं की खटपट थांबवा. डिस्कचा टक टक आवाज असेल तर मशीन लगेच बंद करा, डेटा महत्त्वाचा असेल तर डिस्क डेटा काढून देणाऱ्याकडं न्या, बाकी सगळं नंतर. नेताना वहीचं पान आणि त्या मेसेजचा फोटो बरोबर न्या, दुकानदार पहिला तासभर जे करणार ते तुम्ही आधीच केलेलं असतं. दोष डिस्कचा नसेल तर डिस्क काढून घरी ठेवा, त्यात लोकांची कागदं असतात. न विचारता फॉरमॅट मारायचं नाही असं तोंडी नाही, जॉब कार्डवर लिहून घ्या, बदललेला जुना पार्ट परत मागा आणि बिलावर नव्या पार्टचं नाव आणि वॉरंटी येऊ द्या, वाचनालयाच्या हिशोबाला ते लागतंच. आणि परत घेताना दुकानातच चालू करून नेट, प्रिंट आणि पुढचे-मागचे सगळे यूएसबी बघून घ्या, पलूसहून सांगलीला दुसरा हेलपाटा म्हणजे अर्धा दिवस जातो.